मनीसाठी बर्फाच्या वड्या

मैत्रिणींनो, वैशाख लागला की आपल्या शहापूर-मुरबाडकडची पत्र्याची घरं दुपारी तव्यासारखी तापतात. मुलांना आपण पन्हं देतो, घरच्या माणसांना ताक देतो. पण न्हाणीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेल्या मनीचं काय?

मागच्या उन्हाळ्यात मी प्रेमापोटी चूक केली. मुलांच्या कुल्फीतला तुकडा आमच्या मनीला दिला. दुसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले! आधीच उन्हाळा, त्यात अंगातलं पाणी गेलं. दोन दिवस निपचित पडून होती बिचारी. तेव्हा कळलं की मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध नीट पचत नाही. आणि गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही! म्हणजे साखर आपल्याच समाधानाची.

मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. शिकारीतल्या ओलाव्यावर त्यांचं भागायचं, म्हणून मांजर मुळात पाणी कमी पितं. उन्हाळ्यात खरी युक्ती हीच, की खाऊच्या निमित्तानं तिच्या पोटात पाणी जावं.

कृती सोपी आहे. कोंबडीचे किंवा ताज्या माशाचे दोन-तीन लहान तुकडे दोन वाट्या पाण्यात वीस मिनिटं उकळा. मीठ, हळद, मसाला काही नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजराला ते विषासारखं. पाणी गाळून घ्या, हाडं-काटे काढून टाका. गार झाल्यावर वर आलेली चरबीही काढा. बर्फाच्या ट्रेमध्ये प्रत्येक खणात चिमूटभर कुस्करलेलं मांस घाला, वर ते पाणी ओता आणि गोठू द्या. ट्रे मात्र वेगळा ठेवा बरं का, सरबताचा नको!

दिवसाला एक वडी पुरे. ताटलीत पाच मिनिटं ठेवून, जरा सुटू लागली की द्या. अर्ध्या तासात उरलेलं टाकून द्या, नाहीतर मुंग्या आल्याच. सुक्या बोंबलाचं किंवा जवळ्याचं पाणी वापरू नका, ते खारट असतं. वीज जाऊन वड्या वितळल्या तर पुन्हा गोठवू नका. आठवड्याहून जास्त साठाही नको. घरात सामिष शिजत नसेल तर पाण्याच्या परळात साध्या बर्फाचा खडा टाका. मनी पंजानं खेळता खेळता पाणी चाटते.

कुणी म्हणेल, ‘इथं माणसांना पाणी नाही, आणि तुम्ही मांजराचे लाड सांगता!’ बोलणं खोटं नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांवरच्या बायांनी कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात काढलेत. हंडाभर पाण्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. पण या वड्यांना आठवड्याला दोन वाट्या पाणी लागतं. तेवढं आपण तांदूळ धुताना सांडतो. आणि एक मातीचं परळ ओसरीच्या सावलीत भरून ठेवलंत, तर गल्लीतल्या मुक्या जिवांचंही भागेल. मातीतून पाणी झिरपतं, म्हणून ते गारही राहतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बर्फ हा खाऊ आहे, उपचार नव्हे. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं, लाळ गळू लागली, चालताना लटपटलं, तर त्याला ऊन लागलंय. लगेच सावलीत न्या. पंजे, पोट, कान साध्या पाण्यानं ओले करा आणि वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, तोंडात बळेच काही घालू नका. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका, ती मांजराच्या जिवावर बेतते. तडक जनावरांच्या दवाखान्यात न्या, संध्याकाळची वाट बघू नका.

आमची मनी आता दुपारी तीनच्या ठोक्याला फ्रिजपाशी येऊन बसते. तुमच्याकडे काय युक्त्या चालतात? जरूर लिहा.