शंभर टक्के पूर्ण, शिकलं कोण?

रात्री साडेदहाला शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर यादी आली. केंद्रातल्या 43 शिक्षकांपैकी 6 जणांच्या नावापुढं लाल रंग होता. खाली एकच ओळ: उद्या सकाळी 10 पर्यंत 100 टक्के पूर्ण झालं पाहिजे, अन्यथा लेखी खुलासा द्यावा. त्या सहांत माझं नाव होतं. मी तो ऑनलाइन कोर्स खरोखर बघत होते, मध्ये थांबून वहीत टिपणं काढत होते, म्हणून मागं राहिले होते. ज्यांचं पूर्ण झालं होतं त्यांतल्या अनेकांनी व्हिडिओ सुरू करून मोबाइल चार्जिंगला लावला होता आणि प्रश्नमंजूषेची उत्तरं गटावर फिरणाऱ्या पीडीएफमधून भरली होती. मी ऐकीव सांगत नाही. ती पीडीएफ माझ्याकडंही आली होती. अकरा वाजता मी ती उघडली, साडेअकराला माझं प्रमाणपत्र तयार झालं.

मी पायाभूत गणित शिकवण्याचं प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलं, असं त्या प्रमाणपत्रावर छापलं आहे. हे विधान खोटं आहे. ते खोटं मी लिहिलं, पण ते लिहून घेणारी यंत्रणा माझ्यापेक्षा मोठी गुन्हेगार आहे, कारण ते खोटं आहे हे तिला ठाऊक असतं. मोबाइलवरचा प्रत्येक स्पर्श नोंदवणाऱ्या यंत्रणेला चाळीस मिनिटांचा भाग चार मिनिटांत कुणी संपवला हे दिसतं. पाहणाऱ्याला ते पाहायचं नसतं.

आता त्या कोर्समध्ये होतं काय ते सांगते, कारण दर्जाची चर्चा नेहमी मोघम होते आणि मोघम चर्चेत दोषी सुटतात. मी तिसरीला शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात, जी 52 वजा 27 याचं उत्तर 35 लिहितात. पाचातून दोन गेले तीन, आणि सातातून दोन गेले पाच. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल आकडे उलटे करून घेतं. हा निष्काळजीपणा नाही. मुलाच्या डोक्यात एक नियम तयार झालेला असतो आणि तो नियम चुकीचा असतो. तो कसा मोडायचा, काड्यांचा गठ्ठा सोडवून एका दशकाचे दहा एकक करताना मूल नेमकं कुठं अडतं, ते अडलं की शिक्षकानं काय विचारायचं, हे मला शिकायचं होतं. मला मिळालं काय? पडद्यावरच्या स्लाइड जशाच्या तशा वाचणारा आवाज. पायाभूत संख्याज्ञानाची व्याख्या. उद्दिष्टांची यादी. शेवटी दहा प्रश्न, त्यांतला एक असा: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कोणत्या वर्षी जाहीर झालं? 2020 हे उत्तर मला आलं. पण ते येण्यानं 35 लिहिणाऱ्या माझ्या एकाही मुलाचं भलं झालं नाही.

प्रमाणपत्र उतरवून घेण्याआधी अभिप्रायाचा फॉर्म भरावाच लागतो. नाव, मोबाइल क्रमांक, शाळेचा सांकेतिक क्रमांक, आणि मग पाच तारे. स्वतःच्या नावानिशी, प्रमाणपत्र अडकलेलं असताना, कोण दोन तारे देईल? आणि हेच तारे गोळा करून वर अहवाल जातो की प्रशिक्षणार्थींनी कोर्सला उत्कृष्ट प्रतिसाद दिला. दबावाखाली घेतलेल्या अभिप्रायाला पुरावा म्हणणं ही फसवणूक आहे.

तारे मोकळेपणानं दिले असते तरी त्यांतून शिकणं कळलं नसतं. 2019 साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं, आपण जास्त शिकलो. ज्यांना वर्गात स्वतः गणितं सोडवायला लावली त्यांना वाटलं, आपण कमी शिकलो. चाचणी घेतल्यावर निकाल उलटा आला. शिकताना डोक्याला त्रास होतो, आणि त्रास झालेला माणूस तारे कमी देतो. म्हणजे निव्वळ ताऱ्यांवर कोर्स निवडले तर जो झोपेला धक्का लावत नाही तोच पहिला येईल.

हे सगळं आज कुणाच्या लक्षात आलं असंही नाही. प्रशिक्षणाचं मोजमाप चार पातळ्यांवर करावं, असं डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच मांडलं होतं. आवडलं का? शिकलं का? कामात वागणं बदललं का? त्या कामाचा निकाल बदलला का? साठ वर्षं उलटून गेली तरी आपण पहिल्या पायरीवर बसून आहोत, आणि तीही धमकी देऊन गाठलेली.

100 टक्के या आकड्याबद्दलही बोललं पाहिजे. 2012 साली अमेरिकेत कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचे मंच सुरू झाले तेव्हा जगातलं उत्तम शिक्षण घरोघरी पोचणार असा गजर झाला. 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सचा सहा वर्षांचा हिशेब आला. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे निघाले 3.13 टक्के. नाव नोंदवलेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक कोर्समध्ये एकदाही शिरले नव्हते. हौसेचा कोर्स आणि सक्तीचा कोर्स यांची सरळ तुलना होत नाही, हे मला कळतं. तरीही जगातल्या नामवंत प्राध्यापकांना जे माणसं धरून ठेवणं जमलं नाही, ते स्लाइड वाचणाऱ्या आवाजाला 100 टक्के जमलं असेल, यावर विश्वास ठेवणारा अधिकारी एक तर अंकगणितात कच्चा आहे किंवा खोटं बोलतो आहे. त्या तीन टक्क्यांचा आकडा निदान खरा होता, आणि तो त्या विद्यापीठांच्याच माहितीतून निघून छापला गेला. आमच्या यादीतला एकही आकडा कुणी असा छापून दाखवलेला मी पाहिला नाही.

मी ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही. माझ्या भाच्यानं एनपीटेलचा बारा आठवड्यांचा कोर्स केला. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं 2003 पासून चालवलेला हा उपक्रम. दर आठवड्याला असाइनमेंट, त्यांना 25 गुण. त्यांची उत्तरंही इंटरनेटवर फिरतात, ते सगळ्यांना माहीत आहे. पण उरलेले 75 गुण केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर द्यायच्या परीक्षेचे. असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. व्हिडिओ फुकट, परीक्षेला फी. भाचा पहिल्या खेपेस नापास झाला. ज्या कोर्समध्ये नापास होता येतं, त्याच्या प्रमाणपत्राला किंमत असते. आमच्या कोर्समध्ये नापास होण्याची सोयच नाही. बरोबर उत्तर सापडेपर्यंत पर्याय दाबत राहायचं.

जुनी समोरासमोरची प्रशिक्षणं सोन्याची होती, असंही मी म्हणणार नाही. तालुक्याच्या सभागृहात ऐंशी जण, एक पंखा, ध्वनिक्षेपकातून खरखर, आणि दुपारनंतर सह्या करून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांतल्याच एका प्रशिक्षणात एका बाईंनी आम्हाला जमिनीवर बसवून काड्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आता आठ वर्षांच्या आहात. दशक हा शब्द माहीत नाही असं समजून वजाबाकी करा." आम्ही अडलो. कुठं अडलो ते त्या उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवसानंतर माझं शिकवणं बदललं. हे व्हिडिओत अशक्य नाही. अडलेल्या मुलाची वही दाखवून, व्हिडिओ थांबवून, "आता तुम्ही काय विचाराल?" असं शिक्षकाला लिहायला लावता येतं, आणि ते लिहिलेलं दुसऱ्या शिक्षकाकडून वाचून घेता येतं. त्यासाठी कोर्स बनवणाऱ्यानं तिसरीच्या वर्गात महिनाभर बसलं पाहिजे.

एवढ्या हजारो शिक्षकांचं मोजमाप कसं करणार, असं मला एका प्रशिक्षण बैठकीत ऐकवलं गेलं. पण मुलांचं शिकणं तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाचे स्वयंसेवक 2005 पासून खेडोपाडी घरोघर जातात. मुलाशेजारी बसतात, वाचायला एक उतारा देतात, हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार देतात, आणि मूल कुठवर पोचलं ते सांगतात. कागदाच्या एका पानावर हे होतं. मग मोठमोठी पोर्टलं चालवणाऱ्या खात्याला प्रत्येक तालुक्यातल्या चिठ्ठी टाकून निवडलेल्या वीस वर्गांत कोर्सच्या आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा तेच पान का नेता येऊ नये? ज्यांनी अजून कोर्स केलेला नाही अशा वीस वर्गांतही तेच पान न्यावं. दोन्हींतला फरक छापावा, शून्य आला तरी छापावा. शून्य आला तर तो कोर्स बंद करावा आणि आमच्या रात्री आम्हाला परत द्याव्यात.

केंद्रप्रमुखांवर माझा राग नाही. त्यांनाही वरून यादी येते, त्यांचंही नाव कुठल्यातरी तक्त्यात लाल असतं. माझं म्हणणं त्या तक्त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाला बसलेल्या माणसाशी आहे.

साहेब, पुढचा कोर्स पाठवण्याआधी एक दिवस माझ्या वर्गात या. 31 मुलं आहेत. फळ्यावर 52 वजा 27 लिहा आणि पाट्या वर करायला सांगा. किती पाट्यांवर 35 आहे ते स्वतः मोजा, आकडा लिहून घ्या, आणि कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा या.