कातळाच्या पोटात काय चालणार?

भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना पनवेल हे नाव जगभर ठाऊक आहे. माथेरान, राजमाचीच्या कड्यांत लाव्हाचे थर जवळपास आडवे दिसतात. पनवेलच्या आसपास तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कलंडतात. या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. एवढा जाड कातळ वाकताना तडकणारच. भेगांतून वर घुसलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती आणि अकलोलीपासून उन्हेरे, सवपर्यंत उत्तर-दक्षिण ओळीने असलेली गरम पाण्याची कुंडे या त्याच्याच खुणा.

चिरनेर या पट्ट्यालगतचे गाव. त्याच उरण तालुक्यात मुंबई हायचा वायू किनाऱ्याला लागतो, वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे, बंदर आहे. धुराडी वर आणि त्यांचा कार्बन डायऑक्साइड गिळू शकेल असा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, खाली, अशी ही जोडी. आयआयटी मुंबईच्या संशोधकांच्या अंदाजानुसार देशातल्या बसाल्टमध्ये 97 ते 316 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड मावू शकतो. आपण वर्षाला साधारण तीन अब्ज टन हवेत सोडतो. नीती आयोगाने 2022 मध्ये कार्बन पकडून साठवण्याच्या विषयावर अहवाल काढला, त्याच वर्षी आयआयटी मुंबईत राष्ट्रीय केंद्रही आले. साठवणीचा आकडा मोठा आहे, पण त्याच्या दोन टोकांमध्ये तिपटीहून जास्त अंतर आहे, हे त्याची जाहिरात करणाऱ्यांनी विसरू नये.

बसाल्टकडे सगळ्यांचे लक्ष जाते त्याला कारण आहे. वाळूच्या खडकात वायू फक्त कोंडून ठेवता येतो, वरचे झाकण धड असेपर्यंत. बसाल्टमध्ये तो दगड होतो. पाण्यात विरघळलेला वायू सौम्य आम्ल बनतो, कातळातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवतो आणि त्यांच्याशी संयोग पावून कार्बोनेट खनिजांच्या रूपात बसतो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात 2012 मध्ये सुमारे 230 टन वायू असा सोडला गेला. त्यातला 95 टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत दगडात बदलल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत वलुला इथे 2013 मध्ये सुमारे हजार टन वायू बसाल्टमध्ये सोडून दोन वर्षांनी खडकाचे नमुने काढले, तेव्हा पोकळ्यांत कार्बोनेटच्या गाठी सापडल्या.

कार्बफिक्सची आणखी एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. तिथल्या निरीक्षण विहिरीतला पंप बंद पडला, बाहेर काढला तर त्याच्यावर कॅल्साइटची पुटे चढलेली! प्रयोग यशस्वी झाल्याचा तो पुरावा होता आणि अडचणीची नांदीही. इंजेक्शन विहिरीजवळ आम्ल कातळ झिजवते, काही धातूही पाण्यात उतरवते. थोडे पुढे नवी खनिजे छिद्रे बुजवतात. छिद्रे बुजली की पुढचा वायू ढकलायला दाब वाढवावा लागतो.

आइसलँडचा बसाल्ट कोवळा, सच्छिद्र. दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. पनवेल-उरणच्या कुठल्याही खाणीत फोडलेल्या दगडात पांढरे ठिपके दिसतात, ते पूर्वीचे वायूचे बुडबुडे. कॅल्साइट आणि झिओलाइटने निसर्गाने ते कधीच भरून टाकले आहेत. हा कातळ कर्ब पकडू शकतो, याची ती साक्षच. पण जागा आधीच बरीच भरलेली आहे, हेही तेच ठिपके सांगतात. मग वायू जाणार कुठून? भेगांतून. आणि भेगा कुठवर जातात, हे वरून दिसत नाही.

इथे कोयना आठवावी लागते. 1962 मध्ये धरणात पाणी साठू लागले आणि 11 डिसेंबर 1967 ला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांचा त्या परिसरातल्या धक्क्यांशी संबंध शास्त्रज्ञ मानतात. आइसलँडमध्येही हेटलिशेडी वीजकेंद्राचे वापरलेले पाणी 2011 मध्ये पुन्हा जमिनीत सोडले, तेव्हा चारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. अल्जीरियात इन सालाह इथे वायू साठवताना जमीन वर्षाला काही मिलिमीटर फुगत असल्याचे उपग्रहांनी टिपले. 2011 मध्ये तिथले काम थांबवले गेले. कोकणात असेच होईल, असे यातून सिद्ध होत नाही. पण वाकलेल्या, तडकलेल्या कातळात पहिला प्रयोग करण्याचा हट्ट कुणी धरू नये, एवढे नक्की.

शिवाय पाणी. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायू गाडायला सुमारे 25 टन पाणी लागते. उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यातल्या वाड्यांना टँकर लागतो, तिथे हे गोडे पाणी मागायचे कुणाच्या तोंडाने? समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग सुरू आहेत आणि उरणला समुद्र जवळच आहे. मात्र मग ते खारे पाणी विहिरींच्या झऱ्यांपासून दूर राहील, याची हमी लागेल.

ही हमी कागदी अंदाजातून मिळत नाही, भोक पाडून मिळते. कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल वेधन झाले, तेव्हा बसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपून खाली ग्रॅनाइट लागतो, हे प्रत्यक्ष कळले. दख्खनच्या पठारावर, वाकापासून दूर, अशी आणखी वेधने आधी हवीत. राज्याचा भूजल कायदा साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घालतो. पण वायू गाडायचा तर कित्येकशे मीटर खाली जावे लागते, आणि तिथल्या कातळात काय सोडायचे याची परवानगी कुणी द्यायची, हा मुद्दा त्या कायद्यासमोर कधी आलेलाच नव्हता.

चिरनेरमध्ये हा प्रश्न नुसता तांत्रिक ठरणार नाही. 25 सप्टेंबर 1930 ला अक्कादेवीच्या माळावर जंगलाच्या हक्कासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. नाग्या कातकरी त्यात हुतात्मा झाले. डोंगर कुणाचा, हे त्या गावाने एकदा विचारलेले आहे. आइसलँडच्या हाफ्नारफ्योर्दूर गावात रहिवाशांनी विरोध केल्यावर 2025 मध्ये कार्बफिक्सने तिथला मोठा प्रकल्प सोडून दिला, तोही स्वतःच्या देशात, स्वतःच्या यशानंतर. महाराष्ट्रात प्रस्ताव येईल तेव्हा दाबाची, धक्क्यांची आणि विहिरींच्या पाण्याची मोजमापे वायू सोडण्याच्या किमान दोन पावसाळे आधीपासून सुरू व्हावीत आणि ती ग्रामसभेत मराठीत मांडली जावीत, अशी अट परवान्यातच घालायला हवी.