उडी कुत्र्याची, शिक्षण धन्याचे

मोबाईलच्या पडद्यावर परदेशातील कुत्री हवेत झेपावून फ्रिसबीची तबकडी झेलताना दिसतात, आणि आपल्याकडच्या तरुण मित्रांनाही वाटू लागते, की मग आपल्या मोत्यानेच काय घोडे मारले आहे? हौस चांगली आहे. मुक्या जनावराबरोबर तास-अर्धा तास मोकळ्या हवेत घालवणे हे कट्ट्यावर बसून राहण्यापेक्षा केव्हाही बरे. परंतु या हौसेत एक खोट शिरते. कुत्रा किती उंच उडाला यावरच सारे लक्ष जाते. बघे जितक्या मोठ्याने टाळ्या वाजवतात तितकी तबकडी वर जाते, आणि टाळ्यांची किंमत कुत्र्याचे गुडघे मोजतात. उडीची उंची बघ्यांनी ठरवायची नसते, ती कुत्र्याच्या देहाने ठरवायची असते, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

या खेळाचा इतिहास मनोरंजक आहे. ५ ऑगस्ट १९७४ रोजी अमेरिकेत लॉस एंजल्सच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना चालू असताना अ‍ॅलेक्स स्टाइन नावाचा एक तरुण आपला कुत्रा घेऊन थेट मैदानात उतरला. कुत्र्याचे नाव अ‍ॅशली व्हिपेट. स्टाइन तबकडी फेकी आणि अ‍ॅशली वाऱ्यासारखा धावत जाऊन हवेतल्या हवेत ती पकडी. सामना थांबला, लोक खूश झाले आणि स्टाइनला मात्र पोलिसांनी धरून नेले. पण तेव्हापासून हा खेळ प्रसिद्धीला आला आणि पुढे त्याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अ‍ॅशली व्हिपेट जातीचा होता. व्हिपेट म्हणजे नजरेने सावज टिपून त्याच्या मागे धावणारा शिकारी कुत्रा.

अशाच जातीचे घर आपल्या शेजारी, बागलकोट जिल्ह्यात मुधोळला आहे. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी जोपासलेला हा हडकुळा, लांब पायांचा, खोल छातीचा कुत्रा महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखला जातो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली त्यांत मुधोळलाही मान मिळाला. या कुत्र्याने पिढ्यान्‌पिढ्या माळावर सशामागे धावण्याचेच काम केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. पण शिकार बंद झाली म्हणून कुत्र्याच्या रक्तातली धाव थोडीच बंद होते? आज असले किती तरी कुत्रे घराच्या मागील दारी साखळीला बांधलेले असतात. दिवसभर भुंकतात, दावे कुरतडतात, आणि मग धनी म्हणतो, “कुत्रे फार व्रात्य आहे.” वस्तुतः ते व्रात्य नाही, बेकार आहे! अशा कुत्र्याला तबकडी म्हणजे रक्त न सांडता मिळालेला ससाच होय. म्हणूनच या खेळाला माझा विरोध नाही. उलट तो आपल्या भागात अधिक खेळला जावा असे मला वाटते.

मात्र ससा आकाशात उडत नाही, जमिनीसरशी पळतो, हे विसरू नये. मुधोळचा देह लांब पल्ल्याच्या सपाट धावेसाठी घडला आहे, जागच्या जागी सरळ वर उसळण्यासाठी नव्हे. डोक्यावर फेकलेली तबकडी घेण्यासाठी कुत्रा अंग पिळतो आणि खाली येताना पुष्कळदा मागच्या दोन पायांवर उभाच्या उभा आदळतो. त्या वेळी सारा भार कंबरेवर आणि गुडघ्यावर येतो. गुडघ्याचा अस्थिबंध एकदा तुटला, की शस्त्रक्रियेवाचून तो कुत्रा पूर्ववत धावणे कठीण. तीच तबकडी जमिनीला समांतर, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीने, त्याच्या पुढे फेकली तर तो धावता धावता ती टिपतो, उडी घेतलीच तर ती लांब आणि बुटकी घेतो, आणि चारी पायांवर सावरतो. म्हणजे आधी शिकायचे आहे ते फेकणाऱ्याने. चांगला फेकी होण्यासाठी चार दिवस कुत्र्याशिवाय एकट्याने मैदानावर सराव करण्यात कमीपणा नाही.

शिकवण्याचा क्रम सोपा आहे. पहिल्या दिवसांत तबकडी फेकूच नये. तिच्यात भाकरीचा तुकडा ठेवून कुत्र्याची तिच्याशी ओळख करून द्यावी. मग ती चाकासारखी उभी धरून जमिनीवरून घरंगळत सोडावी. कुत्रा तिच्यामागे धावू लागला आणि परत आणून देऊ लागला, की हातभर उंचीवरून जवळच्या जवळ फेकावी. तबकडी कुत्र्यांसाठी बनवलेली, मऊ रबराची किंवा कापडाची असावी. कडक प्लॅस्टिकने हिरड्या कापतात. पत्र्याचे झाकण अगर जेवणाची थाळी तर मुळीच नको.

वयाचे भान त्याहून महत्त्वाचे. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी कोवळ्या कुर्चेचा थर असतो आणि तेथूनच हाड वाढते. मोठ्या जातीत तो पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर उड्या मारवल्या तर पाय जन्माचा वाकडा होऊ शकतो. त्या काळात घरंगळती तबकडीच पुरे, आणि उड्या सुरू करण्यापूर्वी पशुवैद्याला कुत्रा एकदा दाखवून घ्यावा. जमीन हिरवळीची किंवा मऊ मातीची हवी, सिमेंटचे अंगण आणि मुरमाड माळ टाळावा. पावसाळ्यात आपली तांबडी माती निसरडी होते, तेव्हा खेळाला सुट्टी द्यावी. पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नये, कारण खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जीवघेणा ठरतो. उन्हाळ्यात खेळ सूर्योदयाच्या सुमारासच आटोपावा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, चाल अडखळली, की खेळ तत्काळ थांबवून त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी घालावे, वारा घालावा आणि विलंब न करता पशुवैद्य गाठावा. एरवीही आठ-दहा फेकी झाल्या, की थांबावे. कुत्रा दमण्याची वाट पाहू नये, कारण धन्याच्या प्रेमापोटी तो दमल्यावरही धावतच राहतो.

आपल्या सीमाभागात आणखी एक गंमत असते. घरात आई “ये” म्हणते, शेजारचे अण्णा “बा” म्हणतात. थोरला भाऊ “सोड” म्हणून ओरडतो तर मित्र “बिडु” म्हणतो. माणसांना दोन भाषा म्हणजे श्रीमंती, पण शिकाऊ कुत्र्याला तो गोंधळ होतो. मराठी असो वा कानडी, एका कामाला एकच शब्द ठरवावा आणि घरादाराने तोच वापरावा. कुत्र्याला सीमावाद नाही, त्याला फक्त स्पष्ट शब्द हवा. हाकेसरशी परत येणे पक्के होईपर्यंत लांब दोरी सोडू नये. निपाणी काय, बेळगाव काय, पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या उशालाच आहे, आणि नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याला तबकडीपुढे ट्रक दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, “आमची गावठी कुत्री गडगे ओलांडतात, त्यांना काही होत नाही. हे सारे श्रीमंतांचे चोचले!” गावठी कुत्रा काटक असतो हे मान्य. पण तो गडगा ओलांडतो तो स्वतःच्या गरजेने, स्वतःच्या अंदाजाने, दिवसातून एखाद्या वेळी. आपण त्याला तीच उडी दुसऱ्याच्या हौसेखातर वीस वेळा मारायला लावतो. शिवाय दुखणे लपवणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. तो लंगडू लागतो तेव्हा दुखणे बहुधा जुने झालेले असते. आणि खाली फेकायला वर फेकण्यापेक्षा पैसा अधिक लागत नाही, थोडा विचार तेवढा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. तिकीट लावून प्राण्यांचे खेळ दाखवायचे तर त्याच कायद्याने नोंदणी लागते. पण अंगणातल्या खेळावर कायदा पहारा ठेवू शकत नाही, तेथे आपली बुद्धीच पहारेकरी. उद्या कोणी स्नेहसंमेलनात जळत्या कड्यातून कुत्रा उडवण्याची टूम काढली, तर टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण नसावे. मैदानावर कोणी डोक्याच्या वर तबकडी भिरकावताना दिसला, तर त्याला जवळ जाऊन मित्रत्वाने सांगावे, “गड्या, जरा खाली फेक.” कुत्रा तेवढ्याच आनंदाने धावेल, आणि पुढची दहा वर्षे धावत राहील.