ईमेल जुळला म्हणून खाते जोडू नका

लॉगिनच्या पानावर आता बटणांची रांग असते. गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मोबाइलवर ओटीपी आणि सगळ्यात खाली जुना ईमेल-पासवर्ड. ग्राहक आज एक बटण दाबतो आणि चार महिन्यांनी, आधी कोणते दाबले होते ते विसरून, दुसरे. मग त्याची दोन खाती तयार होतात. एकात ऑर्डर दिसतात, दुसऱ्यात वॉलेट रिकामे दिसते आणि सपोर्टकडे टिकिट येते, ‘माझे पैसे कुठे गेले?’ अशी टिकिटे साठली की प्रॉडक्टवाले म्हणतात, ईमेल एकच आहे ना, मग करून टाका मर्ज. स्प्रिंटच्या शेवटी कोणीतरी कॉलबॅकच्या कोडमध्ये एक अट घालतो: या ईमेलचा यूझर टेबलात सापडला, तर त्याच खात्यात आत घ्या. टिकिटे थांबतात, सगळे खूश.

आमचे म्हणणे एवढेच की ही अट काढून टाका.

ओपनआयडी कनेक्टचे मूळ मानक 2014 मधले आहे आणि या बाबतीत त्यात कसलीही संदिग्धता नाही. टोकन देणारा कोण हे सांगणारा ‘आयएसएस’ आणि त्या देणाऱ्याकडचा यूझरचा क्रमांक असलेला ‘सब’, ही जोडी मिळूनच यूझर ओळखायचा. ईमेल, फोन, नाव यांपैकी कशावरही ओळख ठरवायची नाही, कारण ते बदलू शकते आणि दुसऱ्याकडे जाऊ शकते. तरी आपण ईमेलच वापरतो. ‘सब’ म्हणजे आकड्यांची नाहीतर अक्षरांची एक निरर्थक माळ. डेटाबेसमध्ये डोळ्यांनी वाचायला, सपोर्टला फोनवर विचारायला ईमेल सोपा. सोय म्हणून वापरलेली गोष्ट हळूहळू चावी होऊन बसते.

त्याची किंमत 2023 च्या जूनमध्ये दिसली. डिस्कोप या कंपनीच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर एडीबद्दल (आताचे एन्ट्रा आयडी) एक त्रुटी जाहीर केली आणि तिला ‘नोऑथ’ असे नाव दिले. कृती अगदी साधी होती. हल्लेखोराने स्वतःचा टेनंट उघडायचा. तिथे तो स्वतःच ॲडमिन, त्यामुळे आपल्या यूझरच्या ईमेलच्या रकान्यात तो हवा तो पत्ता लिहू शकतो. तो पत्ता त्याचा आहे का, हे कोणी तपासत नाही. मग त्याने तुमच्या ॲपवर येऊन ‘मायक्रोसॉफ्टने साइन-इन’ हे बटण दाबायचे. टोकनवरची सही खरी, मुदत शिल्लक, ऑडियन्स बरोबर. फक्त आतला ईमेल बळीचा. तुमच्या कोडने ईमेल जुळवला की दार उघडले. मायक्रोसॉफ्टने नंतर नव्या ॲप्ससाठी असा बिनपडताळणीचा ईमेल टोकनमधून वगळायला सुरुवात केली. पण ज्यांचा कोड ‘आयएसएस’ आणि ‘सब’ यांवर उभा होता, त्यांना या दुरुस्तीची वाट पाहण्याची गरजच नव्हती.

‘आम्ही ईमेल व्हेरिफाइड आहे का ते तपासतो’ असे यावर अनेक जण सांगतात. चांगले आहे, पण अर्धेच. 2022 मध्ये अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पावर्ड यांनी ‘प्री-हायजॅकिंग’वर जो अभ्यास मांडला, तो आमच्या मते प्रत्येक बॅकएंड टीमने एकदा एकत्र बसून वाचावा. त्यांनी 75 लोकप्रिय सेवा तपासल्या. त्यांपैकी किमान 35 सेवांमध्ये या प्रकारच्या एका तरी हल्ल्याला वाव होता. इथे हल्लेखोर बळीच्या आधी येतो. समजा, एखादी बाई पुढेमागे तुमच्या सेवेवर येणार असा त्याचा अंदाज आहे. तो तिचा ईमेल आणि स्वतःचा पासवर्ड घालून खाते उघडून ठेवतो. तुमची सेवा पडताळणीची मेल पाठवते, ती बाई ‘हे काय नवीन’ म्हणून दुर्लक्ष करते, खाते अर्धवट पडून राहते. काही महिन्यांनी ती खरोखर येते आणि गूगलचे बटण दाबते. ईमेल तिचाच आहे, गूगलने तो पडताळलेलाही आहे. तुमचा कोड म्हणतो, या ईमेलचे खाते आहेच, जोडून टाकू. ती पत्ता भरते, कार्ड भरते, ऑर्डर देते. हल्लेखोराचा पासवर्ड त्याच खात्यावर अजून चालतो.

इथे गूगलची काहीच चूक नाही. कच्ची बाजू आपली होती, कारण आपल्या टेबलातली जुनी नोंद कोणी कधी सिद्धच केलेली नव्हती. याच हल्ल्याची दुसरी रूपे तर आणखी चिवट आहेत. बळीने ‘पासवर्ड विसरलो’ करून खाते ताब्यात घेतले तरी हल्लेखोराचे आधीचे सेशन चालूच राहते. किंवा त्याने ईमेल बदलण्याची विनंती करून ठेवलेली असते आणि त्या लिंकवर तो सावकाश, महिन्याभराने क्लिक करतो. किंवा त्याने स्वतःचा मोबाइल नंबर त्या खात्याला आधीच जोडून ठेवलेला असतो. म्हणून पासवर्ड रीसेट झाला की फक्त हॅश बदलून भागत नाही. सगळी सेशन, सगळ्या प्रलंबित लिंक आणि पडताळणीच्या आधी जोडलेली प्रत्येक ओळख त्याच क्षणी रद्द व्हायला हवी.

पडताळलेला पत्ताही कायमचा त्याच माणसाचा राहत नाही. 2025 च्या जानेवारीत ट्रफल सिक्युरिटीने दाखवले की बंद पडलेल्या स्टार्टअपचे डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो, तिथे जुन्या कर्मचाऱ्यांच्या नावाच्या मेलबॉक्स पुन्हा उघडू शकतो आणि ‘गूगलने साइन-इन’ करून त्या कंपनीच्या चॅटपासून मनुष्यबळ विभागाच्या नोंदींपर्यंत पोचू शकतो. आपल्याकडे हाच प्रश्न मोबाइल नंबरचा आहे आणि तो जास्त मोठा आहे, कारण भारतात बहुतेक ॲप्सची खरी चावी तोच आहे. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे ट्रायने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. म्हणजे त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. नंबर ही भाड्याची खोली आहे. जुना भाडेकरू गेल्यावर त्याची पत्रे नव्याच्या हातात पडतात आणि इथे पत्र म्हणजे ओटीपी. त्यात आपल्या घरांची रीत वेगळीच. वडिलांचे गॅस बुकिंग, आईचा विम्याचा अर्ज, धाकट्या बहिणीचा प्रवेश अर्ज, सगळे एका मुलाच्या नंबरवर. नंबर एक आणि माणसे चार, असे घर तुमच्या टेबलातल्या ‘युनिक’ अटीत कसे बसणार? नंबरवर आपोआप खाती जोडणारा कोड इथे कोणाचे काय कोणाला दाखवेल, याचा नेम नाही. बराच काळ न वापरलेले खाते नुसत्या ओटीपीवर उघडू देऊ नका. आधीच्या मालकालाच ठाऊक असेल असे आणखी काहीतरी मागा.

मग करायचे काय? यूझरचे टेबल वेगळे आणि ओळखींचे टेबल वेगळे ठेवा. ओळखींच्या टेबलात ‘आयएसएस’ आणि ‘सब’ या जोडीवर युनिक अट; ईमेल हा संपर्कासाठी ठेवलेला साधा रकाना. नवी ओळख जोडायची जागा लॉगिनच्या पानावर नाही, आत सेटिंग्जमध्ये. यूझर साइन-इन झालेला असतानाही जोडण्याआधी पासवर्ड किंवा पासकी पुन्हा मागा आणि जोडल्यावर जुन्या पत्त्यावर मेल पाठवा. लॉगिनच्या वेळी ईमेल धडकला, तर ‘या पत्त्याचे खाते आधीपासून आहे, आधी जुन्या पद्धतीने आत या, मग गूगल जोडा’ असे स्पष्ट सांगा. खाते असल्याचे असे सांगणे म्हणजे माहिती फोडणे, ही शंका रास्त आहे. पण पुरवठादाराने पत्त्याची खात्री दिली असेल, तर ती माहिती तुम्ही पत्त्याच्या मालकालाच देत आहात. ती खात्री नसेल, तर तो निरोप पडद्यावर न देता मेलने पाठवा.

जोडणीच्या प्रवाहातली एक फट कोड रिव्ह्यूमध्ये हमखास निसटते. हल्लेखोर स्वतःच्या खात्यात ‘गूगल जोडा’ सुरू करतो, परवानगी देतो आणि ब्राउझर परत येण्याआधी थांबतो. आता त्याच्या हातात त्याच्या गूगल खात्याचा कोड असलेला कॉलबॅकचा पत्ता आहे. तो पत्ता तो तुमच्या साइन-इन असलेल्या ग्राहकाला उघडायला लावतो. बस्स, ग्राहकाच्या खात्याला हल्लेखोराचे गूगल जोडले गेले. ‘स्टेट’ पॅरामीटर यासाठीच असतो. तो पाठवला जातो, हे सगळे दाखवतात. परत आल्यावर तो त्याच सेशनच्या किमतीशी ताडून पाहणारी ओळ मात्र अनेकदा नसतेच. कुकीवर ‘सेमसाइट लॅक्स’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कॉलबॅक ही वरच्या पातळीवरची गेट विनंती असते आणि तिच्यासोबत ती कुकी जाते. ओऑथच्या सुरक्षेची सुधारित मार्गदर्शिका 2025 च्या जानेवारीत आरएफसी 9700 म्हणून आली आहे. पीकेसीई आणि रीडायरेक्टचा पत्ता अक्षरशः जुळवणे, हे तिच्यात आहे.

पुरवठादारही चुकतात. 2020 मध्ये भावुक जैन या भारतीय संशोधकाने दाखवले की ॲपलचा सर्व्हर कोणत्याही ईमेलसाठी खरी सही असलेले टोकन देत होता. ॲपलने त्याला 1 लाख डॉलर दिले. म्हणून पैसे काढणे, पत्ता बदलणे अशा जागी तुमची स्वतःची एक तपासणी असू द्या.

या सगळ्याने ग्राहकाला एक पायरी जास्त चढावी लागते, हे मान्य. काही जण अर्ध्यावर सोडून जातील, तेही मान्य. पण त्यावर तोडगा म्हणून सपोर्टच्या पडद्यावर ‘मर्ज’चे बटण देऊ नका, कोडमधून काढलेले भोक फोनवरून पुन्हा उघडते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या आकड्यापुढे टिकिटांचा त्रास परवडतो, हे प्रॉडक्टवाल्यांना सांगायला हरकत नाही.

वाचकांना एक विनंती. टेस्ट सर्व्हरवर सहकाऱ्याच्या ईमेलने, तुमचा पासवर्ड घालून खाते उघडा आणि पडताळणी करू नका. सहकाऱ्याला गूगलने साइन-इन करायला सांगा. मग तुमचा पासवर्ड टाकून पाहा. आत जाता आले, तर आपोआप जोडणी त्याच दिवशी बंद करा आणि काय सापडले ते आम्हाला कळवा. कोणत्याही सेवेचे नाव न छापता पुढच्या अंकात त्यावर लिहू.