शिष्यवृत्ती रखडते सरकारची, थकबाकीदार ठरतो विद्यार्थी!

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की दर रविवारी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतल्या विहारात लॅपटॉप घेऊन बसतो आणि महाडीबीटी पोर्टलवर मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, वास्तुकला असे अभ्यासक्रम असले की कागदांचा ढीग वाढतो. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, गुणपत्रिका, प्रवेशाचे वाटपपत्र. एकेका दाखल्यामागे आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. याचा हिशोब कोणत्याही पोर्टलवर होत नाही.

मागच्या वर्षी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आमच्याकडे आली. अर्ज तिने वेळेत भरला होता, पण तो कॉलेजच्याच कारकुनाच्या लॉगिनवर पडून होता. इकडे त्याच कॉलेजने तिचे हॉल तिकीट अडवले. आधी फी भरा, मग परीक्षा. ज्या टेबलावर तिचा अर्ज अडला, तेच टेबल तिला थकबाकीदार म्हणत होते! शेवटी आईने बचत गटातून कर्ज उचलले, तेव्हा मुलगी परीक्षेला बसली. शिष्यवृत्ती नंतर आली. ती कर्जात गेली.

आमचा मुद्दा एवढाच आहे. शिष्यवृत्ती किती मिळते, यावर सगळे बोलतात. ती कधी मिळते, यावर कोणी बोलत नाही. फी आज भरायची आणि पैसे पुढच्या वर्षी येणार असतील, तर गरिबाच्या लेकरासाठी ती शिष्यवृत्ती नसल्यातच जमा आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रचना बदलली. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. मधले दलाल आणि बोगस संस्था यांना त्यामुळे चाप बसला असेल, तर आम्हाला आनंदच आहे. पण राज्याचा वाटा आल्याशिवाय केंद्राचा सुटत नाही. एका सरकारने हात आखडला की दुसऱ्याचाही आखडतो, आणि कॉलेज मात्र विद्यार्थ्याचीच कॉलर धरते.

फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. किती कॉलेजांच्या सूचना फलकावर तुम्ही तिचा उल्लेख वाचलात?

वेळेची किंमत काय असते, हे २०२४ साली साऱ्या देशाने पाहिले. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा त्याला प्रवेश मिळाला. गुणवत्ता त्याच्याकडे होतीच, नव्हते ते वेळेवर हाती येणारे पैसे. प्रत्येक पोराने सर्वोच्च न्यायालय गाठायचे काय?

बाबासाहेबांना हे दुःख स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होते. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. १९१७ साली तिची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातली नोकरी, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे, यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४२ साली दिलेल्या निवेदनात त्यांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. हे शिक्षण महाग, ते आपल्या माणसांना परवडणार नाही आणि त्याशिवाय मोठ्या जागांवर आपली माणसे पोहोचणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. १९४४ पासून सुरू झालेली शिष्यवृत्ती ही त्या लढ्याची कमाई आहे. कोणाची मेहेरबानी नाही. जे आम्हाला 'सरकारचे जावई' म्हणतात, त्यांनी हा इतिहास वाचावा.

शिष्यवृत्ती मिळवण्याइतकेच ती टिकवणे कठीण आहे. पैसे रखडले की पोरगा रात्रपाळी धरतो. रात्रपाळीमुळे सकाळचे तास चुकतात, हजेरी घसरते, विषय राहतो. मग नूतनीकरणाच्या वेळी हजेरी आणि निकालाची अट आडवी येते. उशीर सरकारचा, शिक्षा पोराला!

कॉलेजवाले म्हणतात, पैसे खात्यात आले की मुले ते खर्च करून टाकतात. काही घरांत हे होते, आम्ही नाकारत नाही. पण वर्षभर उधारीवर जगलेल्या घरात एकदम पैसे आले, तर आधी सावकार दारात येतो. सत्राच्या सुरुवातीला पैसे द्या आणि मग हा आरोप करा.

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज भरून गप्प बसू नका. आधार बँक खात्याशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊन तपासा. दर आठवड्याला अर्जाची स्थिती बघा, त्रुटी दाखवून परत आला असेल तर लगेच दुरुस्त करा. अर्जाची छापील प्रत जपून ठेवा. कॉलेजने हॉल तिकीट किंवा मूळ कागदपत्रे अडवली, तर तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना द्या. तरी हालचाल झाली नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारा की आमचा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पहिल्या सत्रातच द्या. तोवर फीसाठी एकाही विद्यार्थ्याची परीक्षा अडवली जाणार नाही, असा आदेश काढा आणि तो मोडणाऱ्या संस्थेवर कारवाई करा.

शेवटचे बोलणे आपल्याच माणसांशी. याच शिष्यवृत्तीवर शिकून डॉक्टर, अभियंते, अधिकारी झालेल्यांनो, जयंतीची वर्गणी तुम्ही देता, चांगले आहे. यंदा त्याबरोबर रविवारचे दोन तास द्या. तुमच्या विहारात एक टेबल मांडा आणि एका मुलीचा अर्ज पैसे जमा होईपर्यंत सोडू नका.

जय भीम!