तू बस गं, आम्ही करतो!

गेल्या महिन्यात आईची पंचाहत्तरी झाली. घरगुतीच कार्यक्रम होता, फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. फोटोत न आलेली एक गोष्ट सांगतो. ओवाळून झाल्यावर आई पाटावरून उठायला गेली आणि तिला उठताच येईना. शेवटी मी आणि ताईने दोन्हीकडून धरून तिला उभं केलं. सगळे म्हणाले, "वय झालं आता." मीही म्हणालो.

रात्री मात्र झोप लागेना. हीच बाई चार वर्षांपूर्वी जुन्या घराचे दोन जिने चढून दूध-भाजी आणत होती, खाली बसून शेंगा सोलत होती. चार वर्षांत तिचं वय चार वर्षांनीच वाढलंय. बाकीचं सगळं आम्ही केलंय. लिफ्टच्या घरात आणलं, दूध घरपोच, भाजी फोनवर, भांड्यांना बाई. ती जरा उठली की चारी बाजूंनी गिल्ला, "आई, तुम्ही बसा!" "तू बस गं, आम्ही करतो!" याला आपण सेवा म्हणतो. मला आता ती सेवा वाटत नाही. एका चालत्या-फिरत्या माणसाला प्रेमाने खुर्चीला बांधणं वाटतं. आणि त्यात सगळ्यात पुढे मीच होतो, त्यामुळे हे मुकाट ऐकून घ्या.

१९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर डबलडेकरचा जिना वर-खाली करणारा. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होत होता. (मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील, ही शंका पुढे मॉरिस यांनी स्वतःच तपासली, गणवेशाच्या पँटींच्या मापांवरून! ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या निघाल्या. पण तेवढ्याने सगळा फरक काही पुसला गेला नाही.) कंडक्टर कुठल्या जिममध्ये जात नव्हते. तिकिटं फाडत होते. मॉरिस स्वतः व्यायाम करत करत ९९ वर्षं जगले.

२००७ मध्ये अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून पाहिलं. दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आता आठवा, आपल्याकडे साध्या तापानंतर आजीला किती दिवस 'पडून राहा' म्हणतात ते. उलट १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या पायांतली ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत! आणि आपण पंचाहत्तरीत निकाल लावून मोकळे.

"पण पडली तर?" हा काकांचा हुकमी प्रश्न. काका, माणूस चालल्यामुळे कमी पडतो, पायांत जोर आणि तोल न राहिल्यामुळे जास्त पडतो. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्या वृद्धांचं पडणं साधारण पाव हिश्शाने कमी होतं, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये दाखवलं गेलंय. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, वर तीन दिवस तोल आणि ताकद. छातीत दुखतंय, चक्कर येतेय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे आलंच.

मावशीचा मुद्दा मात्र मला खरंच अडवतो. "आयुष्यभर राबली, आता तरी आराम नको का?" हवा ना. रांधा, वाढा, उष्टी काढा यातून सुटका हवीच, ती तर चाळीस वर्षं आधी मिळायला हवी होती. पण आम्ही तिची राबणूक काढताना तिचं चालणंही काढून घेतलं. बाजारात जाणं, भाव करणं, जिन्यात शेजारणीशी बोलणं, सगळं. आणि बदल्यात काय दिलं? सोफा आणि मालिका.

बाबांच्या पिढीतल्या पुरुषांचं तर विचारूच नका. कॉलेजात कबड्डी खेळलो, हे भांडवल साठ वर्षं पुरवतात. आणि नातवंडांचा पी.टी.चा तास गणिताला दिला की आपणच खूश होतो. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

तीन आठवड्यांपासून आई रोज खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठते-बसते. पहिल्या दिवशी तीनच जमलं होतं आणि मला दोन शिव्या मिळाल्या होत्या. पाटावरून उठणं अजून जमत नाही. दूधवाला मात्र बंद केलाय.

तेव्हा दिवाळीला येणाऱ्या मंडळींना आत्ताच सांगून ठेवतो. आई चहा टाकायला उठली तर कोणीही "अहो, बसा" म्हणायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर तिच्याबरोबर कोथिंबीर आणायला जा. पिशवी ती घेईल.