पालथ्या बाळाच्या नावाने चाललेला गोंधळ

नवजात बाळाला जागेपणी थोडा वेळ पोटावर ठेवावे, एवढ्या साध्या सल्ल्याचे ‘टमी टाइम’ या नावाने जे काही झाले आहे, ते विज्ञानवार्तांच्या वाचकांनी एकदा नीट तपासून पाहावे असे आहे. चेन्नईसारख्या शहरात हा शब्द तमिळ बोलण्यातही इंग्रजीतूनच येतो आणि येताना खास उशी, आरसा, रंगीत गादी असा संसार बरोबर आणतो. वास्तविक ‘पालथे’ या अर्थाचा ‘कुप्पुर’ हा शब्द तमिळमध्ये रुळलेला आहे आणि बाळ ‘पालथे पडू लागले’ ही बातमी मराठी घरातही कौतुकाने सांगितली जाते. तरीही वाद दोनच टोकांचा चालतो. एका बाजूला ‘हे पाश्चात्त्य फॅड आहे, आमच्या आज्यांना सारे ठाऊक होते’ असे म्हणणारे, तर दुसऱ्या बाजूला घड्याळ लावून मिनिटे मोजणारे आणि त्या मिनिटांतून बुद्धिमत्ता वाढेल अशी आशा धरणारे. पुरावा दोघांच्याही बाजूने नाही.

हा सल्ला जन्मला तो एका वैद्यकीय चुकीच्या दुरुस्तीतून. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील अफाट खपाच्या पुस्तकात १९५०च्या दशकात बाळाला पोटावर निजवण्याची शिफारस आली. उताणे बाळ उलटी झाल्यास गुदमरेल, हा त्यामागचा तर्क वरवर पटण्याजोगा होता. फक्त तो कोणी तपासलेला नव्हता. २००५ साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा दिसले की पालथे निजवण्याचा धोका १९७०च्या सुमारास उपलब्ध असलेल्या आकडेवारीतूनच ओळखता आला असता. तो वेळीच ओळखला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,०००हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान ५०,००० बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये मोहीम काढली. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने १९९२ मध्ये सल्ला बदलला, १९९४ मध्ये देशव्यापी मोहीम आली आणि झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण दशकभरात सुमारे निम्म्यावर आले.

मात्र उताणे निजवण्याचा नियम पाळता पाळता अनेक घरांत बाळे जागेपणीही उताणीच राहू लागली. डोक्याचा मागचा भाग चपटा होण्याच्या तक्रारी वाढल्या. तेव्हा जोडकलम आले : निजताना उताणे, जागेपणी थोडे पालथे. म्हणजे पालथे ठेवणे हे स्वतंत्र व्रत नसून उताण्या झोपेची पूरक अट आहे. ज्या चित्रफितीत बाळ मऊ दुलईवर पालथेच झोपी गेलेले दाखवून खाली ‘टमी टाइम’ असे लिहिलेले असते, ती गोंडस नाही, धोकादायक आहे.

आता लाभाच्या दाव्यांकडे. २०२० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात १६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. जागेपणी पालथे ठेवणे आणि सरपटणे, वळणे अशा मोठ्या हालचालींचा विकास यांत त्यात अनुकूल संबंध आढळला. बौद्धिक व सामाजिक विकासाशी, तसेच बसणे, उभे राहणे, चालणे यांच्याशी मात्र संबंध आढळला नाही किंवा निष्कर्ष अनिश्चित राहिला. शिवाय संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे सांख्यिकीच्या पहिल्याच पाठात शिकवतात. जे मूल मुळात जोमदार असते ते पालथे राहणे अधिक वेळ सहनही करते. ‘टमी टाइमने मेंदू तल्लख होतो’ असा मथळा देणाऱ्याने हा आढावा वाचलेला नसतो, किंवा वाचूनही तो विकायला बसलेला असतो.

सुरक्षिततेचे गणित मात्र खरोखर पदार्थविज्ञानाचे आहे, आणि नेमके त्यावरच कोणी बोलत नाही. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. सपाट जागेवर ते उचलताना मानेच्या स्नायूंना डोक्याच्या वजनाचे पूर्ण आघूर्ण पेलावे लागते. शरीर आडव्या पातळीशी ६० अंशांनी कललेले असेल तर हे आघूर्ण निम्मे होते, कारण ते कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात बदलते. म्हणून पहिल्या दिवसांत मागे रेलून बसलेल्या आईच्या किंवा बापाच्या छातीवर बाळ पालथे ठेवणे ही सर्वांत सोपी सुरुवात. त्याला कोणतीही उशी विकत घ्यावी लागत नाही. याउलट मऊ गादीत नाक रुतले की उच्छ्वासाची हवा तिथेच साठते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, ऑक्सिजन घटतो, आणि मान वळवण्याची ताकद त्या वयात बेताचीच असते. म्हणून पृष्ठभाग टणक व सपाट हवा. चेन्नईच्या घरांतली कोरै गवताची चटई आणि तिच्यावर ताणून घातलेले सुती कापड या कसोटीला महागड्या फुगीर गादीपेक्षा सरस उतरते.

आज्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. लांब केलेल्या पायांवर बाळाला पालथे घेऊन तेल चोळणे, न्हाऊ घालणे ही रीत तमिळ घरात आहे तशीच मराठी घरातही आहे. त्या काही मिनिटांत बाळ जागे असते आणि अनुभवी हात त्याच्यावर असतो. पण त्याच न्हाणीघरात नाकात तेलाचे थेंब सोडतात, आणि ते तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. रीत जुनी असल्याने तिच्यातले सगळेच घटक निर्दोष ठरत नाहीत. साडीची तूळी, म्हणजे आपली झोळी, हीसुद्धा सोयीची खरी. पण तिच्यात बाळाची पाठ वाकते, मान पुढे झुकू शकते. जागेपणीचा वेळही तिच्यातच गेला तर मानेला काम मिळत नाही.

मिनिटांचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, स्वतः हालचाल करू न लागलेल्या बाळांसाठी, दिवसभरात विभागून किमान ३० मिनिटे सुचवली. अमेरिकी अकादमीच्या २०२२च्या शिफारशीत सात आठवड्यांचे होईपर्यंत हळूहळू वाढवत रोज एकूण १५ ते ३० मिनिटे असे म्हटले आहे. सुरुवात दिवसातून दोनतीनदा, तीन ते पाच मिनिटांनी. दूध पाजल्यावर लगेच नाही. मोठे माणूस हाताच्या अंतरावर आणि डोळे बाळावर, मोबाईलवर नव्हे. बाळ रडले की उचलावे. पेंगू लागले की उताणे करावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. यापलीकडे या विषयात विकण्यासारखे काही नाही.

तमिळनाडू सरकारने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांसाठी १६ वस्तूंची पेटी सुरू केली; तीत अंथरूण, मच्छरदाणी, तेल, खुळखुळा अशा वस्तू होत्या. अशा प्रत्येक पेटीत दोन चित्रांचे एक पान असावे. एका चित्रात निजलेले उताणे बाळ, दुसऱ्यात जागे, पालथे, आणि शेजारी बसलेले माणूस. मजकूर तमिळमध्ये, नाव ‘कुप्पुर’. एग्मोरच्या बालरुग्णालयात रांगेत बसलेल्या आईला ते पान वाचायला दोन मिनिटे लागतील, आणि उशी विकणाऱ्याला तिच्याकडे जाण्याचे कारण उरणार नाही.